ब्राह्मीची फुलांची वाडी

निपाणीत कुणाच्या घरी सातवा महिना लागला की फुलांचा साज मालुबाईकडूनच जायचा. केळीच्या सोपटावर शेवंती, अबोली आणि मरवा गुंफून ती मुकुट, वाक्या, बाजूबंद, कंबरपट्टा असं सगळं करायची, आणि टोपलीत ओलं फडकं घालून स्वतः पोचवायची. माहेरानं पाठवलेली ही फुलांची वाडी अंगावर चढली की पोटुशी पोर नवरीसारखी दिसायची. बघणाऱ्या बाया म्हणायच्या, मालूच्या हाताला गुण आहे.

ते १९०९ साल होतं. दर हिवाळ्याला येणारा प्लेग त्या वर्षी दिवाळीतच आला होता. पलीकडच्या दोन गावांतली माणसं घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली होती. निपाणीत अजून काही नव्हतं, पण सकाळी दार उघडलं की बायका आधी उंबऱ्याखाली बघायच्या, उंदीर पडलाय का ते.

अशात एका सकाळी तारामतीआक्कांनी मालुबाईला बोलावून घेतलं. आक्का तंबाखूच्या व्यापाऱ्याची बायको, जैनांच्या गल्लीतलं भरलं घर. त्यांची धाकटी लेक ब्राह्मी कोगनोळीला दिलेली होती, आणि तिला सातवा महिना लागला होता.

"मालू, उद्या वाडी घेऊन जायाची. भरमूची गाडी सांगितलीया."

"आक्का, तुम्ही न्हाय येत?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. "विहीणबाईंचा निरोप आलाय, आत्ता येऊ नका, कामाची गडबड हाय. गडबड कसली गं? पहिलटकरीण लेक, आणि आईनं येऊ नये? फुलांना कोण न्हाय म्हणणार न्हाई. तू जा. तुझ्या हातानं तिच्या अंगावर घाल, तुझ्या डोळ्यांनी तिला बघ, आणि मला येऊन सांग."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मालुबाई निघाली. घरी तिचा नवरा परशराम आणि दोन लहान पोरी. पोरींच्या वेण्या घालून, फुलं भरलेली टोपली मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. वेदगंगा ओलांडली तेव्हा ऊन वर आलं होतं. नदीच्या अलीकडं तट्ट्यांची छावणी नवीन उभी राहिली होती. प्लेगाचा संशय आलेल्या माणसांना तिथं नेऊन ठेवायचे, आणि तिथून माणूस परत येत नाही असं सगळे म्हणायचे. भरमूनं तिकडं न बघता बैल दामटले.

कोगनोळीतलं ते घर मोठं, दगडी चौकटीचं. पण दिवस एवढा वर आला तरी दार लोटलेलं होतं आणि आतून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर येत होता. मालुबाईनं कडी वाजवली. बऱ्याच वेळानं ब्राह्मीची सासू पद्मव्वा दार अर्धं उघडून उभी राहिली.

"टोपली हितं ठेव आणि जा."

"आक्कांनी माझ्याच हातानं घालायला सांगितलंय, आव्वा. सुवासिनीच्या हातची वाडी. उंबऱ्यावर कशी ठेवू?"

पद्मव्वानं गल्लीत दोन्हीकडं बघितलं. गाडी दारात जास्त वेळ उभी राहिली तर चार माणसं जमतील, हे तिच्या तोंडावर दिसलं. तिनं मालुबाईला आत घेतलं आणि दार लावून टाकलं.

ब्राह्मी माजघरात पाटावर बसली होती. अंगानं भरलेली, पण डोळ्यांखाली काळं. मालुबाईनं तिच्या कपाळावर फुलांची पट्टी बांधायला घेतली, तेवढ्यात मागच्या खोलीतून कुणीतरी कण्हलं. जनावरानं कण्हावं तसा आवाज. मालुबाईचे हात थांबले.

"कोण हाय आत?"

"कोण न्हाई. तू तुझं काम कर," पद्मव्वा म्हणाली, आणि धुरीत पाला टाकायला स्वयंपाकघराकडं वळली.

ती वळताच ब्राह्मीनं मालुबाईचं मनगट धरलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती. "मालुमावशी, चंद्रप्पा भावजी हायत. तीन दिस ताप हाय, जांघेत गाठ आलीया. कोठीत उंदीर मेल्यात. सासूबाई कुणाला कळू देत न्हाईत. कळलं तर छावणीत नेतील म्हणत्यात."

 मालुबाईनं आपल्या पायाकडं बघितलं. अनवाणी पाय, शेणानं सारवलेली जमीन. याच जमिनीवरून उंदीर फिरले असतील. तिला वाटलं, टोपली टाकावी, दार उघडावं आणि पळत सुटावं, मागं वळून बघू नये. घरी पोरी आहेत. पण मनगटावरची बोटं सुटत नव्हती.

मागच्या खोलीचं दार उघडलं. ब्राह्मीचा नवरा वर्धमान उभा होता. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नसावा. तो पुढं आला नाही, दारातूनच म्हणाला, "मावशी, हिला घेऊन जावा."

"वर्धमान!" पद्मव्वा परत आली होती. "घरातली सून अशी गेली तर गावाला काय सांगू? गाव काय आंधळं हाय?"

"आव्वा, चंदूचं आता काय खरं न्हाय. हिचं आणि पोटातल्याचं तरी बघ."

पद्मव्वा धपकन खाली बसली. मालुबाईला वाटलं होतं की बाई आरडाओरडा करेल. ती रडली. "माझ्या लेकाला तिथं तट्ट्याच्या आड एकट्याला मरू देऊ व्हय? पाणी कोण देईल त्याला? मी जिवंत असताना न्हाय." मग तिनं डोळे पुसले आणि मालुबाईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "ने तिला. पण वाटंत कुणी इचारलं तर आमच्या घरी सगळं बरं हाय म्हणायचं. तुझ्या पोरींची शपथ घे."

मालुबाईला तिथून सुटायचं होतं. तिनं शपथ घेतली. 

ब्राह्मीला फुलांच्या साजातच गाडीत बसवलं. सून माहेरच्या कौतुकाला चालली असं गल्लीला दिसावं, म्हणून. वर्धमान दाराबाहेर आलाच नाही. ब्राह्मी गाव संपेपर्यंत मागं बघत होती. अंगभर शेवंती, आणि त्यात बसून ती आवाज न करता रडत होती. मालुबाई गाडीच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसली होती. मग तिलाच लाज वाटली आणि ती जवळ आली.

"भरमू, बैल हाण रं."

"का वो, काय झालं?"

"काय न्हाय. ऊन व्हतंय."

नदीजवळ आले तर सकाळी मोकळा असलेला रस्ता आता आडवा बांबू लावून अडवलेला. एक हवालदार, आणि टोपी घातलेला सरकारी कंपौंडर. तो येणाऱ्या-जाणाऱ्याची काख चाचपून बघत होता. पुढच्या गाडीतल्या एका म्हाताऱ्याला त्यानं बाजूला उभं केलं होतं आणि म्हातारा हात जोडून काहीतरी सांगत होता.

 कंपौंडर गाडीजवळ आला. फुलांनी मढलेली पोटुशी बाई बघून तो जरा बिचकला, नजर खाली करून म्हणाला, "कुठनं आला?"

"कोगनोळीसनं. वाडी भरलीया, माहेराला चाललीया."

"घरात कोण आजारी?"

मालुबाईला पोरींच्या वेण्या दिसल्या. "न्हाय. सगळं बरं हाय," ती म्हणाली.

कंपौंडरनं बांबू उचलायची खूण केली. हवालदार बांबू उचलणार, एवढ्यात ब्राह्मी बोलली.

"हाय. माझ्या दिराला गाठीचा ताप हाय. घरात उंदीर मेल्यात. शेजारी लहान पोरं हायत, त्यास्नी कुणी सांगितलं न्हाई. तुम्ही जावा तिकडं."

भरमूनं गाडीवरून खाली उडी मारली आणि दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला. हवालदारही मागं सरला. मालुबाईनं डोळे मिटले. शपथ मोडली ती आपण नाही, असं ती मनात म्हणाली, पण जिवाला पटेना.

"बाई, आता तुम्हाला छावणीत जावं लागंल," कंपौंडर म्हणाला. "दहा दिवस."

"सातवा महिना हाय तिला!" मालुबाई ओरडली. तिच्या तोंडून शब्द कसे निघाले तिलाच कळलं नाही. "दादा, माझा फुलांचा मळा हाय, निपाणीच्या बाहीर. आसपास घर न्हाय. मळ्यात खोप हाय. तिथं ठेवते हिला. मीबी ऱ्हाते. एक माणूस जवळ येऊ देणार न्हाय."

कंपौंडर वयानं लहानच होता. त्यानं तट्ट्यांकडं बघितलं, तिथून धूर येत होता. मग ब्राह्मीकडं बघितलं. "दहा दिवस कुणी बाहेर पाऊल टाकलं तर मी तुम्हाला इथं आणीन. रोज सकाळी येऊन बघणार." त्यानं वही काढून नावं लिहून घेतली. भरमूलाही काख दाखवावी लागली. त्यालाही घरी न जाता मळ्याच्या बांधावर राहायचा हुकूम झाला, आणि तो मालुबाईला वाटेल तसं बोलत राहिला.

असे खोपीतले दिवस सुरू झाले. परशराम बांधापलीकडून भाकरी ठेवून जायचा. आक्का पहिल्याच दिवशी आल्या, लांबून लेकीला बघितलं आणि तिथंच चिखलात बसल्या. त्यांना पुढं येऊ दिलं नाही. ब्राह्मीनं अंगावरचा साज उतरवला, मालुबाईनं तो जाळला. दोघींचे कपडे उकळले. रोज सकाळी मालुबाई आधी ब्राह्मीच्या मानेला, काखेला, जांघेला हात लावून बघायची, मग स्वतःच्या. काही नाही असं कळलं की तेवढ्यापुरता श्वास मोकळा व्हायचा. तासाभरानं पुन्हा हात तिकडंच जायचा.

तिसऱ्या दिवशी कंपौंडरनं सांगितलं, तो कोगनोळीत पोचला त्याच दिवशी चंद्रप्पा गेला. छावणीत न्यायची वेळच आली नाही. कोगनोळी गाव रिकामं करून माळावर काढलं होतं. पद्मव्वाला ताप होता. वर्धमान छावणीत होता, अजून बरा होता. ब्राह्मीनं सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

सहाव्या सकाळी मालुबाई उठली तर डाव्या जांघेत दुखत होतं. तिनं हात लावला. गाठ होती. सुपारीएवढी, दाबली की कळ डोक्यात जात होती.

तिला ओरडावंसं वाटलं, पण तिनं तोंड दाबून धरलं. पहिला विचार छावणीचा आला. तट्टे, धूर, तोंडात पाणी घालायला कुणी नाही. पोरींचं तोंडसुद्धा दिसणार नाही. तिनं लुगडं नीट केलं, ब्राह्मीपासून लांब जाऊन चूल पेटवली, आणि कंपौंडर आला तेव्हा बांधावरून ओरडून सांगितलं, "सगळं बरं हाय!" तो घाईत होता. मान हलवून गेला.

तो गेल्यावर ती तशीच उभी राहिली. ते शब्द तिनं दुसऱ्यांदा म्हटले होते. पद्मव्वाला तिनं मनात किती शिव्या दिल्या होत्या, आणि आज तिनं त्या बाईसारखंच केलं होतं. खोपीत सातव्या महिन्याची पोर झोपली होती, आणि ती स्वतः गाठ घेऊन तिच्यासाठी भात शिजवत होती.

दुपारपर्यंत तिला धीर धरवला नाही. ती खोपीबाहेरूनच म्हणाली, "ब्राह्मी, माझ्याजवळ येऊ नगंस. मला गाठ आलीया. सकाळीच आलीया. मी सांगितलं न्हाय गं, मला लई भ्याव वाटलं."

ब्राह्मी आतून उठून बाहेर आली. मालुबाई मागं सरली तर ती पुढं आली.

"ताप हाय?"

"म्हाईत न्हाय. अंग कापतंय."

ब्राह्मीनं तिच्या कपाळाला हात लावला. "गार हाय, मावशी. चालताना लंगडताय का?"

मालुबाईला तेवढ्यात कळलं की आपण लंगडतोय. ब्राह्मीनं तिला दगडावर बसवलं, डावा पाय उचलून मांडीवर घेतला. टाचेपाशी सुजून लाल झालं होतं, मध्ये पिवळा ठिपका. मळ्यातल्या गुलाबाचा काटा आत मोडून पिकला होता. भीतीपोटी सहा दिवस मालुबाईनं काखा आणि जांघा चाचपल्या, पण पायाकडं एकदाही बघितलं नव्हतं.

"पाय पिकला की जांघेत गाठ येती. माझ्या आण्णास्नी आलती," ब्राह्मी म्हणाली.  पण ती सांगत होती ते तिलाही पुरतं खरं वाटत नव्हतं.

भरमूनं बांधावरूनच हाका मारून वाटेवरच्या माणसाकरवी कंपौंडरला बोलावून घेतलं. त्यानं काटा काढला, जखम धुतली, ताप बघितला आणि उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही म्हणाला. ती रात्र दोघींनी पाठीला पाठ लावून बसून काढली. मालुबाईनं तिला लांब हो म्हणून किती तरी वेळा सांगितलं, तिनं ऐकलं नाही. सकाळी गाठ बसायला लागली होती.

अकराव्या दिवशी दोघींना आणि भरमूला सोडलं. पद्मव्वा गेल्याचा निरोप त्याच सकाळी आला. वर्धमान महिन्यानं छावणीतून परतला, वाळून काडी झालेला, पण जिवंत. ब्राह्मीला फाल्गुनात मुलगी झाली.

मालुबाईच्या टोपलीतली फुलं त्या हिवाळ्यात कुणी घेतली नाहीत. प्लेगाच्या घरातून आलेली बाई म्हणून बायका दारातूनच परतवायच्या. पुढच्या चैत्रात तारामतीआक्कांनी बारशाचा पाळणा तिच्याकडून फुलांनी सजवून घेतला, तेव्हा कुठं चार घरं पुन्हा बोलवायला लागली.

मालुबाई मळ्यातून घरी आली त्या दिवशी पोरी दारातून तिच्याकडं पळत आल्या होत्या. "थांबा! लांब!" ती एवढ्या जोरात ओरडली की धाकटी रडायलाच लागली. न्हाऊन, कपडे बदलून मग तिनं त्यांना पोटाशी घेतलं. आणि घेतल्या घेतल्या, आपल्याला कळायच्या आत, तिची बोटं धाकटीच्या काखेत गेली होती, गाठ आहे का बघत.