लोरीनच्या घराचा उंबरठा

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत मी केस विंचरायचे, टिकली लावायचे आणि चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायचे. बाकीचे सहा दिवस नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातल्या त्या घरात मी गाउनवरच काढले, आणि त्याची लाज वाटायचीही बंद झाली होती. विनायक, माझा नवरा, दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेला तो तिकडेच राहिला. आधी विमानं बंद, मग सासऱ्यांना सोडून त्याला निघवेना. फोनवर तो विचारायचा, "कशी आहेस, मंजूषा?" मी म्हणायचे, "मजेत." कसली डोंबलाची मजेत! सुपरमार्केटातल्या मुलीला "पावती नको" म्हटलं, की दिवसभराचं माझं बोलणं संपायचं.

आमच्या ऑफिसात जुन्या इमारतींची ड्रॉइंग्ज करतात. त्या वसंतात अमेरिकेतल्या ओक्लाहोमाहून काम आलं, चिकासॉ लोकांचं. हे तिथले मूळचे लोक. पावणेदोनशे-एक वर्षांपूर्वी त्यांना स्वतःच्या मुलखातून उठवून तिकडे नेलं. आता त्यांचं स्वतःचं सरकार आहे. ते दवाखाने बांधतं, शाळा बांधतं आणि जुन्या जागाही पुन्हा उभ्या करतं. त्यातलंच हे एक जळून गेलेलं घर होतं. दोन खोल्या आणि मधोमध आरपार उघडा बोळ. फोटो एकच, तोही बाहेरून. आतलं आठवणारी एकटी लोरीन उरली होती, वय वर्षं एक्क्याण्णव. ती त्याच घरात जन्मली होती.

त्यांच्या बांधकाम खात्यातला डेल मला म्हणाला, "ती सांगेल तसं काढा. ती हो म्हणाली की सुतार कामाला लागतील. तिला त्या घरात एकदा बसायचंय." दर गुरुवारी पाच वाजता तिच्याशी तासभर व्हिडिओ कॉल, असं ठरलं.

पहिल्या ड्रॉइंगमध्ये मी दोन्ही दारांना चांगला चार बोटं उंच उंबरठा काढला. मुद्दाम नाही, आपोआप हात गेला.

लोरीन चष्मा सारखा करून स्क्रीनकडे बघत राहिली. "दारात हे आडवं काय घातलंयस?"

मी सांगितलं, आमच्याकडे असतो, त्याला हळदकुंकू वाहतात, त्यावर बसू नये म्हणतात.

ती खळखळून हसली. "अगं, माझी आई कचरा झाडून सरळ बोळात लोटायची. आणि माझं अख्खं लहानपण दारात बसून गेलं. काढून टाक ते." मग तिने विचारलं, "तुझ्या घरात कोण कोण असतं?"

"कोणी नाही," म्हणाले आणि रडायलाच लागले. कामाच्या कॉलवर! तिने कॉल बंद केला नाही.

उंबरठा काढून टाकला. पण एक कळलं, चूक असली की लोरीन बोलते. दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये मी खिडकी जाणूनबुजून डावीकडे घेतली. तिने ती उजवीकडे करायला लावली आणि त्या खिडकीतून दिसणाऱ्या अक्रोडाच्या झाडाबद्दल तासभर सांगत बसली. तिसऱ्यात मी चूल सरकवली, चौथ्यात छप्पर. पुढे पुढे तर आधी दुरुस्त केलेलंच पुन्हा बिघडवायचे. म्हातारी बाई, तिच्या काय लक्षात येतंय!

मी काय करतेय ते मला कळत होतं. एका एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला आपल्या घरात बसायचं होतं, आणि माझ्या एका तासापायी मी तिचं घर अडवून धरलं होतं. ती कधी म्हणाली, "आज थंडी आहे, हात दुखतात," की चोराच्या मनात चांदणं, वाटायचं, हिला संशय आला. नाताळ झाला की बिनचूक ड्रॉइंग पाठवायचं, असं मी ठरवलं. नाताळ झाला. मी पाठवलं नाही.

जानेवारीतल्या दुसऱ्या गुरुवारी स्क्रीनवर लोरीनच्या जागी डेल होता. करोना, म्हणाला. चार दिवसांत गेली.

मी त्याला सगळं सांगून टाकलं. खिडकी, चूल, छप्पर, सगळं. म्हटलं, "माझ्यामुळे तिला त्या घरात बसता आलं नाही."

डेल गोंधळला. "घर तर ऑक्टोबरातच झालं. खिडकी उजवीकडे घ्या, बाकी बरोबर आहे, असं म्हणून तिने तुमच्या दुसऱ्या ड्रॉइंगवरच सही केली होती. तुम्हाला कळवायचं नाही, असं मात्र तिने बजावलं होतं. म्हणाली, गुरुवार तेवढा बंद करू नकोस. त्या मुलीच्या घरात कोणी नाही, आणि माझ्याकडे तरी कोण येतंय."

त्याने फोटो पाठवला. नव्या लाकडाचं घर, उजवीकडे खिडकी. मास्क हनुवटीवर ओढून लोरीन दारातच खुर्ची टाकून बसली होती, मी उंबरठा आखला होता नेमक्या त्याच जागी. खाली तारीख होती सोळा ऑक्टोबर. त्यानंतरचेही सगळे गुरुवार ती मला सांगत होती, "खिडकी अजून चुकतेय, पोरी. पुढच्या गुरुवारी परत दाखव."

पुढच्या गुरुवारी पाच वाजता मी केस विंचरले, टिकली लावली, चहा घेतला. मग पुण्याला फोन लावला.

"कशी आहेस?" विनायकने नेहमीसारखं विचारलं.

"मजेत नाहीये," मी म्हटलं.