मागच्या रांगेतला सोलरचा तक्ता

मित्रांनो, उपकेंद्राच्या गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवलेला धुळकट निळा सोलरचा तक्ता दिसतो ना, तो मी. काचेवर चिमण्यांची घाण साचली आहे. पण पंच्याण्णव साली, सुप्याजवळच्या या गावात, मला मोठा मान होता. उन्हातून वीज करायची आणि खालच्या फ्रिजमधली बाळांची लस थंड ठेवायची, हे माझे काम.

आमच्या दोन रांगा. पूर्वेला पुढची रांग, तिच्यामागे मी. शिपाई आसाराममामा रोज सकाळी दांडा फिरवून आम्हांला उगवत्या सूर्यासमोर ताठ उभे करायचे आणि हात जोडायचे. पुढची रांग तळपायची, अन् तिची सावली माझ्यावर! सूर्य वर चढला की ती पट्टीभरच उरायची. पण पाण्याच्या नळीवर कुणी पाय द्यावा, तशी तेवढ्यानेही माझी वीज अडायची. जीव नुसता तळमळायचा.

त्यामुळे फ्रिज गरम राहू लागला. नर्स केशरबाई एका संध्याकाळी म्हणाल्या, "उद्या नवी लस येतीय. फ्रिज गार झाला न्हाई, तर ती आल्या पावली परत जाईल. मग पोरं घेऊन बसा सुप्याच्या टेम्पोत."

गावातली विजयमाला लेकीला लसीसाठी कडेवर घेऊन उभी होती. ती बीएस्सी झालेली, नजर बारीक; माझ्यावरची सावली तिने हेरली होती. तिने उतरत्या उन्हात मामांना शाळेच्या दोन पाट्या एकामागे एक धरायला लावल्या. उभ्या धरल्या की मागचीवर सावली. आडव्या केल्या की सावली गायब!

"मामा, ऊन तिरपं असताना तक्ते आडवे ठेवा. सूर्य वर येईल तसे उचला."

"सूर्याकडनं तोंड फिरवायचं व्हय? लई शिकल्याली हाय! अन् ऊन कमी लागंल, त्याचं?"

"थोडं कमी लागेल. पण सावलीनं जातं तेवढं नाही जाणार."

केशरबाई हसल्या. "मामा, नमस्कार तुमी सरळ उभं राहून करा. तक्ते तेवढे आडवे करा!"

सकाळी मामांनी हट्टाने आधी ताठच उभे केले. मीटरचा काटा पडून राहिला. मग कुरकुरत दांडा उलटा फिरवला. माझ्यावरची सावली सरकली, अंगात वीज धावली, काटा उठला! विजयमाला मात्र फ्रिजपाशीच. कुणाला दार उघडू देईना. दुपारी लस आली, ती आत राहिली. तिच्या लेकीला सुई टोचली तेव्हा पोरीने भोकाड पसरले, आणि आई कितीतरी दिवसांनी हसली.

आता तारेची वीज आली. मला कुणी विचारत नाही. मित्रांनो, काच पुसलीत तर अजून चार दिवे लावीन. फक्त मला पुढे उभे कराल, तेव्हा माझ्यामागे कोण आहे ते आधी बघा.