पोटातल्या जंतूचा नकाशा

गडचिरोलीत डॉ. नीलिमा भांडेकरांचा दवाखाना वीस-बावीस वर्षांचा. पोटाच्या दुखण्याला त्यांच्या हाताचा गुण येतो, असं आसपासच्या खेड्यांत बोललं जाई. म्हणून चंद्रपूरच्या डॉक्टरमंडळींनी आपल्या मेळाव्यात भाषणाला बोलावलं, तेव्हा विषयही पोटाचाच दिला. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवर जगात चाळीस वर्षांत काय काय संशोधन झालं, ते त्यांनी सांगायचं. हा जंतू काही दुर्मिळ नाही. आपल्याकडे निम्म्याअधिक लोकांच्या पोटात तो सुखानं नांदतो. बहुतेकांना त्रास देत नाही, काहींना अल्सर करतो आणि एखाद्याला पार कॅन्सरपर्यंत नेतो.

नीलिमाताईंना वाटलं होतं, दोन रविवारांत उरकेल. शोधायला बसल्या तर संशोधनाचे पेपर हजारोंच्या घरात. वाचणार कोण? त्यांच्या एका मित्रानं अदीबाचं नाव सुचवलं. वरोऱ्याच्या अयूब टेलरची ही मुलगी चंद्रपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. पेपर एकेक वाचण्याऐवजी ती त्यांचा नकाशा काढते, असं मित्र म्हणाला.

आठवड्याभरात नकाशा मोबाईलवर आला. काळ्या पाटीवर रंगीत ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक विषय; ज्या विषयावर जास्त लिहिलं गेलं, त्याचा ठिपका मोठा. जे विषय नेहमी एकत्र येतात, ते शेजारी शेजारी. जुने निळे, नवे पिवळे. नीलिमाताई पाहतच राहिल्या. बावीस वर्षं ज्या जंतूशी झुंजल्या, त्याच्यावर चाललेली जगभरची खटपट त्यांच्या तळहातावर मावली होती. त्यांनी लगेच फोन लावून शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी अदीबाचाच फोन आला.

"मॅडम, तो नकाशा कोणाले दाखवू नका. चुकला आहे."

"काय चुकलं? छान तर आहे."

"सुरुवातीची वर्षं रिकामी आहेत. तुम्हीच सांगितलं होतं ना, ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरनं हा जंतू स्वतः पिऊन पाहिला, चौऱ्यांशी साली. एवढं मोठं झालं आणि त्याच्यानंतर चार-पाच वर्षं कोणीच काही लिहिलं नाई? असं होते का?"

नीलिमाताई म्हणाल्या, "मेळावा तोंडावर आला, अदीबा. सुरुवातीच्या वर्षांकडे कोण बघणार आहे?"

"मी बघितलं ना," अदीबा शांतपणे म्हणाली. "मले दोन दिवस द्या."

दोन दिवसांनी कोडं सुटलं. जंतूचं नावच बदललं होतं. आधी त्याला कॅम्पिलोबॅक्टर म्हणत; तो त्या घराण्यातला नाही हे कळल्यावर एकोणनव्वद साली नवं नाव पडलं. नव्या नावानं शोधल्यावर जुने पेपर सापडणार कसे? "लग्न झालेल्या बाईले शाळेच्या हजेरीत सासरच्या नावानं शोधून राह्यली होती मी," अदीबा हसून म्हणाली. मग तिनं सगळं पुन्हा केलं. जुनी नावं घातली, एकच पेपर दोनदा आलेला असेल तर काढला, एकाच नावाचे निरनिराळे लेखक वेगळे केले. सांगितलं कुणी नव्हतं.

नीलिमाताईंना राहवेना. सकाळची एसटी धरून त्या थेट चंद्रपूरला गेल्या. कॉलेजच्या वाचनालयात, पंख्याखाली, अदीबानं नवा नकाशा मोठ्या पडद्यावर उघडला. मधोमध अल्सर आणि कॅन्सरचे दांडगे ठिपके. उजवीकडे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा थवा. आणि खाली, अगदी काठाला, बारीक पिवळी टिकली.

"हे काय?"

"घर, कुटुंब, नवरा-बायको असे शब्द आहेत तिथे. थोडेच पेपर आहेत, पण सगळे अलीकडचे." अदीबानं त्यातले काही उघडून दिले. जंतू एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जातो तो बहुधा घरातल्या घरात. तेव्हा एकट्या रोग्याला औषध देऊन थांबू नका, सगळं घर तपासा, असं त्यांचं म्हणणं.

नीलिमाताईंनी हे कधीतरी वाचलं होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं. आता मात्र त्यांना लटारू आठवला. वैनगंगेकाठच्या खेड्यातला हा धानाचा शेतकरी. दोनदा औषधांचा कोर्स झाला, पहिल्यांदा तपासणीही स्वच्छ आली, आणि वर्षाच्या आत पोटातली आग पुन्हा सुरू. त्यांनी त्याच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर खापर फोडलं होतं. तो गळ्याची शपथ घेऊन सांगे, "सोडला ना बाई खर्रा!" त्यांना ते खरं वाटत नसे.

"म्हणजे हाच उपाय बरोबर, असं समजायचं का?" त्यांनी विचारलं.

अदीबानं मान हलवली. "नाई मॅडम. कोण काय विचारून राह्यलं, एवढंच नकाशा सांगते. बरोबर काय, ते तुम्ही पाहा."

परतीच्या एसटीत नीलिमाताईंच्या डोक्यात तेच वाक्य घोळत होतं. एवढं काम केलेल्या माणसानं फुशारकी मारली असती तरी चाललं असतं.

त्याच आठवड्यात त्या लटारूच्या घरी गेल्या. तपासायचं म्हणजे प्रत्येकाच्या शौचाची चाचणी, हे कळल्यावर घरात एकच हशा पिकला. लटारूची म्हातारी आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "हे काय मागायची वस्तू हाय का वो बाई?" मुलगा रोशन लाजून गोठ्याकडे सटकला. लटारूची बायको इंदुताई तेवढी हसली नाही. तिनं नमुन्याच्या डब्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "द्या इकडं. सकाळी सगळ्यायच्या मी आणून देतो."

आणि दिल्या. तपासणीत म्हातारी स्वच्छ निघाली. लटारू, रोशन आणि इंदुताई, तिघांच्या पोटात जंतू होता.

"इंदुताई, तुम्हाला काही त्रास होतो का?" नीलिमाताईंनी विचारलं.

इंदुताईनं नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "होते ना. रोशन लहान होता तवापासून. जेवलं का छातीपावतर जळते. सोडा खातो, पाणी पेतो, पडून राह्यतो."

"अहो, मग मला सांगितलं का नाही? यांच्याबरोबर दर वेळी तर येत होता दवाखान्यात!"

"मले कोनं इचारलं, बाई? नंबर त्यायचा राहे."

ही बाई नीलिमाताईंच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून असायची, नवऱ्याची पिशवी मांडीवर घेऊन. त्या लटारूला खर्ऱ्यावरून झापत, आणि हिच्या छातीत आग पेटलेली असे. लटारू हबकला. "मले तरी सांगायचं ना तुनं," एवढंच तो म्हणाला, आणि उठून तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला.

या खेपेला औषध तिघांना एकाच वेळी सुरू झालं. लटारूला आधीची औषधं दोनदा देऊन झाली होती, म्हणून नीलिमाताईंनी ती बदलली. गोळ्या मूठभर, तोंड कडू पडे, रोशन कंटाळे. पण इंदुताईनं कुणाला एक वेळ चुकवू दिली नाही. बांधावर गेलेल्या रोशनच्या मागं ती गोळ्या आणि पाणी घेऊन जायची.

मेळाव्याच्या दिवशी नीलिमाताई व्यासपीठावर गेल्या त्या माईक अदीबाच्या हातात देण्यासाठीच. "नकाशा हिनं काढला, हीच सांगेल," म्हणाल्या आणि खाली पहिल्या रांगेत येऊन बसल्या. अदीबाचा आवाज सुरुवातीला कापला. मग ती जंतूच्या दोन नावांची गोष्ट सांगू लागली आणि सभागृह कान देऊन ऐकू लागलं. एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, "आपल्या झाडीपट्टीतले, या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे पेपर यात किती?"

"मले तर एकही सापडला नाई, सर," ती म्हणाली. "मी चुकलीही असेन. पण मी दोनदा शोधलं."

नीलिमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खेदाचं की अभिमानाचं, त्यांना स्वतःलाही कळलं नाही.

औषधं संपून महिना उलटल्यावर तिघांची तपासणी झाली. तिघंही स्वच्छ. वर्षानंतर पुन्हा केली, तेव्हाही तसंच. एका घरावरून काही सिद्ध होत नाही, हे अदीबानं फोनवर लगेच बजावलं, आणि मग खुशीत विचारलं, "मॅडम, आता बाकीची घरं कधी?"

पण बाकीच्या घरांची सुरुवात इंदुताईनं आधीच करून टाकली होती. पुढच्या गुरुवारी नीलिमाताई दवाखान्यात पोचल्या तर पायरीवर त्या गावच्या सहा-सात बाया बसलेल्या, पुढं इंदुताई. एकीबरोबरही नवरा नव्हता.

"कोण आजारी आहे?" नीलिमाताईंनी विचारलं.

"आमीच," इंदुताई म्हणाली. "एकेकीले आतमंदी घ्या, बाई. अन् आरामानं इचारा."

नीलिमाताईंनी आत जाऊन टेबलासमोरची खुर्ची पुढे ओढली, अदीबाला फोन लावून "सवड काढून गडचिरोलीला ये, बाकीची घरं आली आहेत" म्हणाल्या, आणि पहिलीला हाक मारली.