रोज एक झारी

मी झारी बोलतेय. काचेच्या कपाटातली, मागच्या खिडकीजवळची. माझ्या पायाशी एक छोटी पाटी आहे. ती एकदा बदलली गेली आहे आणि का बदलली, ते माहीत असलेली माणसं आता तीनच आहेत. त्यातलं एक माणूस बरंच म्हातारं आहे. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं. माझी आठवण कितपत भरवशाची, हा प्रश्न मलाही पडतो. पत्र्यात आठवण कुठे संपते आणि गंज कुठे सुरू होतो, हे पत्र्याला कसं कळावं? तेव्हा काही चुकलं तर पोटात घाला.

ज्या कारागिरानं मला घडवलं, त्याची त्या दिवशी दाढ दुखत होती. मान एका बाजूला धरून त्यानं डाग देऊन माझी नळी जोडली. तिरक्या मानेला ती सरळ वाटली, प्रत्यक्षात डावीकडे झुकली. माझ्याबरोबरच्या झाऱ्या भराभर खपल्या. मी दोन महिने दुकानाच्या दाराबाहेर खिळ्याला लटकून होते. जो येई तो मला उचलून बघे, पाणी घालून बघे आणि स्वतःच्या पायांवर ओतून घेऊन परत लटकवे.

मग एक उंच, हाडकुळी बाई आली. तिनं मला डाव्या हातात धरलं, पिंपातलं पाणी भरलं आणि कलती केली. धार बरोबर बाहेर पडली, पायांपासून लांब.

"हीच द्या," ती म्हणाली.

"बाई, ती वाकडी आहे. सरळ देतो ना दुसरी."

"मी डावखुरी आहे. जमेल आमचं."

ती म्हणजे आत्या. कोणाची, ते सांगते. गावाच्या कडेला तीन खोल्यांचं एक कौलारू घर होतं, मागे घराच्या दुप्पट लांबीची बाग. घरात एक शाळामास्तर, त्यांचा आईवेगळा लहान मुलगा आणि मास्तरांची ही थोरली बहीण. मुलगा तिला आत्या म्हणे, म्हणून हळूहळू सगळं गावच म्हणू लागलं.

बाग तिची होती. 'तिच्या मालकीची' असं मी म्हणत नाही, कागदावर काय होतं मला ठाऊक नाही. पण खड्डे तिनं खणले, कलमं तिनं बांधली आणि प्रत्येक झाडाची खोड तिला पाठ होती. पाणी घालण्याची तिची एक रीत होती. आधी मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं निघालं तर पाणी. ओलं निघालं तर मला भरलेली तशीच पुढच्या झाडाकडे न्यायची. कधीकधी सगळी बाग फिरून मी भरलेलीच परत येई आणि माझ्यातलं पाणी भांडी घासायला जाई. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. उपयोगी पडावं अशी आमच्या जातीची हौस असते. मग सवय झाली.

मुलाचा मला भारी त्रास. मी भरलेली दिसले की तो येऊन माझ्या नळीत बोट घालून बसे आणि आत्या पाणी घालू लागली की धारच येईना. "आला झारीतला शुक्राचार्य," ती म्हणे, "काढ ते बोट. आडवा येण्याखेरीज दुसरं काही येतं का तुला?" तो खिदळत पळे. तेच नाव पडलं. पुढे तो इतिहासाचा मोठा प्राध्यापक झाला, पदव्यांची माळ लागली, पण माझ्यासाठी तो शुक्राचार्यच राहिला.

आता मास्तरांबद्दल. ते रविवारच्या पुरवणीत बागेवर लिहीत. लोक वाट बघत त्या लेखाची. पण मास्तरांना मातीची शिंक यायची, म्हणून ते बागेत फारसे उतरत नसत. संध्याकाळी आत्या मागच्या पायरीवर बसायची, चिखलाचे पाय बादलीत सोडून. मी तिच्या शेजारी. खिडकीच्या आत मास्तर टेबलाशी.

"हं, सांग ताई."

ती सांगायची, ते लिहायचे. मग मोठ्यानं वाचून दाखवायचे.

"'आज मी गुलाबाची छाटणी केली.'"

"तू केलीस? मग काटा माझ्या बोटात कसा मोडला?"

"अगं, लिहिताना 'मी' म्हणावं लागतं. त्याशिवाय वाचणाऱ्याला जवळचं वाटत नाही."

"म्हण बापडा. गुलाबाला काय फरक पडतो?"

त्यांचं भांडण कधी नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे ऐकून तुम्ही मास्तरांना लबाड ठरवाल. ते लबाड नव्हते. त्यांना वाक्य चांगलं व्हायला हवं असे, एवढंच.

लिंबाचंच घ्या. कोपऱ्यात आत्यानं लावलेलं लिंबाचं झाड होतं. एका संध्याकाळी मास्तरांनी विचारलं, "लिंबाला पाणी किती घालतेस?"

"एक झारी."

"केव्हा?"

"लागेल तेव्हा."

थोड्या वेळानं त्यांनी वाचलं, "'झाडाला रोज सकाळी एक झारी पाणी घालावं आणि मनाला एक चांगला विचार.'"

"अरे, रोज घातलं तर मरेल ते. मुळं कुजतात लिंबाची."

"ताई, 'लागेल तेव्हा' म्हटलं की वाक्य लंगडतं."

"मग लंगडू दे की. झाड तर उभं राहील."

ते हसले. वाक्य तसंच छापून आलं, पुढे त्या लेखांचं पुस्तक झालं त्यातही गेलं. मास्तरांचं तेच सगळ्यात गाजलेलं वाक्य. कॅलेंडरवर आलं, शाळेच्या भिंतींवर आलं. आत्यानं ते कधी मनावर घेतलं नाही. रोज सकाळी ती लिंबाखाली बोट घालायची आणि बहुतेक वेळा मला घेऊन पुढे जायची.

म्हातारपणी तिची बोटं आखडली. माझी मूठ धरवेना. तिनं जुन्या चादरीची निळ्या चौकड्यांची पट्टी फाडून मुठीला गुंडाळली, टाके घातले. त्यानंतर मी तिच्या हातात अगदी चपखल बसले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं, असं मला वाटतं. निदान आज वाटतं.

मास्तर आधी गेले, चार वर्षांनी आत्या. शुक्राचार्य शहरात चौथ्या मजल्यावर राहत होता. घराला कुलूप लागलं. मी नळाखाली आडवी पडून होते. पोटात कोळ्यांनी संसार थाटला. लिंबाला मात्र कोणी पाणी घालत नव्हतं तरी ते जगलं. पाऊस पडेल तेवढ्यावर.

मग शुक्राचार्यानं घर संग्रहालयाला देऊन टाकलं. लेखकाचं घर, लेखकाची बाग, लोकांना बघायला. त्याला मूलबाळ नव्हतं, घर बिल्डरला द्यायचा धीर नव्हता. संग्रहालयाकडून एक बाई आल्या. तरुण, अतिशय कष्टाळू, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. त्यांनी घरातली एकेक वस्तू उचलून विचारायला सुरुवात केली: हे काय, कधीचं, वापरलं कोणी. संग्रहालयाच्या मंडळाचा नियम होता की लेखकानं स्वतः वापरलेल्या वस्तूच ठेवायच्या. बाकीचं घरच्यांनी न्यावं, नाहीतर भंगारात.

आत्याचा पाट्यासारखा जड कोयता गेला. तिचे बागेतले बूट गेले. पायरीवरची बादली गेली. शुक्राचार्य प्रत्येक वेळी "ते आत्याचं" म्हणे आणि वस्तू डावीकडच्या, भंगाराच्या ढिगात जाई. तो ढीग वाढत चालला तसा त्याचा आवाज बारीक होत गेला.

मग बाईंनी मला उचललं. "आणि ही झारी, सर? पुस्तकातली 'रोज एक झारी' ती हीच का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बाईंची पेन्सिल कागदावर टेकलेली. चौथ्या मजल्यावर झारी नेऊन तो काय करणार होता?

"हं," तो म्हणाला. "बाबांची."

या माणसानं जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलं की काय सांगितलंय ते नंतर बघा, कोण सांगतंय आणि का सांगतंय ते आधी विचारा. बाईंनी विचारलं नाही. कशाला विचारतील? मुलगाच सांगत होता.

त्यानं मला वाचवण्यासाठी केलं, हे मला तेव्हाच कळलं. पण मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. मला घासलं, पोचे काढले, मुठीची पट्टी उसवली, काचेत ठेवलं, वरून दिवा लावला. खाली पाटी: 'लेखकाची झारी'. लोक थांबून बघू लागले. आणि खरं सांगते, मला ते आवडलं. दोन महिने खिळ्याला लटकलेल्या वस्तूला असं काही आवडतं. पहिल्या वर्षी मला आत्याची आठवण फार वेळा आली नाही. याची लाज अजून वाटते.

बाग पुस्तकाबरहुकूम उभी केली. पुस्तकात जिथे जे झाड, तिथे ते. माझ्यासारखी हुबेहूब दुसरी झारी करवून घेतली, नळीच्या वाकडेपणासकट. रोज सकाळी जो पहिला पाहुणा येईल त्यानं त्या झारीनं लिंबाला पाणी घालायचं, असा शिरस्ता पडला. लोक उजव्या हातानं घालत, बूट भिजवून घेत आणि हसत फोटो काढत. घराच्या दर्शनी भिंतीवर ते वाक्य मोठ्या अक्षरांत.

दुसऱ्या वर्षी लिंबाची पानं पिवळी पडली.

शुक्राचार्य दर गुरुवारी येत असे. अशाच एका गुरुवारी तो खिडकीपाशी उभा होता. बाहेर माळी बाईंना सांगत होता, "पाणी फार होतंय बाई. बंद करा थोडे दिवस."

"अहो, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. रोज. आणि लोक त्यासाठीच तर येतात."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं झाड बघितलं होतं ना पण?"

बाई हसल्या. शुक्राचार्याला बघून म्हणाल्या, "सर, सांगा आता तुम्हीच यांना."

मी काचेतून त्याच्याकडे बघत होते. एक वाक्य. तेवढंच हवं होतं. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. "हवा बदलली की होईल ठीक," तो म्हणाला. "बहुधा."

पुढच्या गुरुवारी तो खिशात पत्र घेऊन आला. माझ्यासमोरच्या बाकावर बसून त्यानं ते उघडलं, म्हणून मला दिसलं. चार पानं, खाली बारीक अक्षरांत तळटिपा. 'कदाचित' हा शब्द पहिल्याच पानावर सहा वेळा. त्यानं दोन ठिकाणी खोडलं, घडी घातली आणि परत घेऊन गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाच पानं. नंतर सहा. वडिलांना कमीपणा येऊ नये, बाईंची नोकरी अडचणीत येऊ नये, आपण खोटं बोललो ते खोटं न वाटता समजावं, असं सगळं त्याला एकाच पत्रात हवं होतं. तोही शेवटी बापाचाच मुलगा. वाक्य लंगडायला नको होतं.

सातव्या गुरुवारी तो आला तेव्हा कोपऱ्यात आभाळ दिसत होतं. लिंबाचं झाड तोडलेलं. गोणपाटावर मुळं ठेवली होती, काळी, सालं सुटलेली. माळी हात धूत होता. बाई बाजूला उभ्या होत्या.

शुक्राचार्यानं खिशात हात घातला. पत्र बाहेर आलं नाही.

"ती झारी बाबांची नव्हती," तो म्हणाला. "आत्याची होती. बागपण आत्याचीच. बाबा खिडकीतून ऐकून लिहायचे. रोज पाणी ती कधीच घालायची नाही."

माळ्यानं नळ बंद केला.

"ती डावखुरी होती," त्यानं पुढे म्हटलं, जणू पुरावा मागितला होता.

"तरीच सगळ्यांचे बूट भिजतात," माळी म्हणाला.

बाई मुळांकडे बघत होत्या. "सर, हे तुम्हाला मी झारी उचलली तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि पानं पिवळी पडली तेव्हा?"

"हो."

बाई वळल्या, आत गेल्या आणि खणातून एक पाकीट घेऊन आल्या. वर माझा क्रमांक, खाली त्यांच्या अक्षरात: 'मुठीवरील कापड. नंतरची भर. हेतू अज्ञात.' आत निळ्या चौकड्यांची पट्टी. बाईंनी टाकून दिली नव्हती. त्या काही टाकत नाहीत, नियम असल्याखेरीज.

शुक्राचार्यानं पट्टी हातात घेतली. ती अजून गोल वळलेली होती, मुठीच्या आकाराची. तो रडला की नाही, ते मला सांगता येत नाही. तो पाठमोरा होता.

आता माझ्या पायाशी नवी पाटी आहे. 'झारी. लेखकाच्या बहिणीची. ही बाग तिने केली.' बाईंनी विचारलं होतं, आणखी चार ओळी घालू का? तो म्हणाला, "नको. आत्याला लांबण आवडायची नाही." पट्टी माझ्या शेजारी ठेवली आहे, गुंडाळलेली नाही. पुन्हा गुंडाळणं नियमात बसत नाही.

कोपऱ्यात लिंबाचं नवं रोप आहे, गुडघ्याएवढं. गुरुवारी माळी रोपाभोवतीचा दोर उचलून शुक्राचार्याला आत सोडतो. तो हळूहळू वाकतो, मातीत बोट घालतो आणि फार वेळ तसाच राहतो.

"ओली वाटते का हो?"

"तुम्हाला काय वाटतं, सर?"

"मला वाटतं, ओली असावी. कदाचित."

"मग राहू दे आज."

जुनं झाड काही परत येत नाही. तिचे बूटही नाहीत, कोयताही नाही. आणि मला कोणी आता पाण्यानं भरणार नाही, हेही मला कळून चुकलं आहे.

भिंतीवरचं वाक्य अजून आहे. पुस्तकात आहे, ते कसं काढणार? कधी आलात तर जरूर वाचा, छान आहे. मग मागे जा, माळी दोर उचलेल. माझ्या त्या हुबेहूब बहिणीला हात लावण्याआधी मातीत बोट घालून बघा, दुसऱ्या पेरापर्यंत. ओलं निघालं, तर पाणी न घालताच परत या. मीही किती वेळा तशीच परत आले आहे. त्यात कमीपणा नसतो.