चरबीचा बुरूज

रोमानियातल्या क्रोयेनबाखच्या चर्चला तटबंदी आहे, आणि तटबंदीला जो ठेंगणा बुरूज आहे त्याला गाव चरबीचा बुरूज म्हणते. पूर्वी गावातल्या प्रत्येक जर्मन घराची खारवलेल्या डुकराच्या मांसाची लादी तिथे वरच्या गारव्यात टांगलेली असे. दर रविवारी सकाळी घंटा वाजू लागली की बुरूज उघडायचा, ज्याने त्याने आपल्या लादीतून आठवड्यापुरता तुकडा कापायचा आणि कापलेल्या कडेवर आपल्या घराचा ठसा दाबायचा. पुढच्या रविवारी कडेवर ठसा नसला, तर मधल्या काळात कुणीतरी सुरी चालवली हे उघड. घंटा थांबली की बुरूज बंद.

आता तिथे एकच लादी टांगलेली असे, रेगीनाची. बाकीची घरे एकेक करून जर्मनीला निघून गेली होती. पण ही एकुलती एक लादी कुठल्याशा प्रवासाच्या पुस्तकात छापून आली होती, आणि रंगीत भिंतींचे मठ, मिठाच्या खाणी पाहून झाल्यावर लोक वाट वाकडी करून ती बघायला येत. मान वर करून उभे राहत, वास घेत, फोटो काढत. रेगीना त्यांना पावावर पातळ काप आणि कांदा देई. घरी कुणी पाहुणा आल्यासारखे तिला वाटे.

आणि आता सोमवारी तिलाही जायचे होते. लेक इर्मगार्ड गाडी घेऊन आली होती. गुडघे गेले होते, हिवाळ्यात सरपण फोडायला माणूस मिळत नव्हता, सगळे खरेच होते. रेगीनाने वाद घातला नव्हता. तिला एकच गोष्ट खात होती. ती गेल्यावर बुरूज रिकामा होणार. चर्चच्या मंडळाने कळवले होते की तिथे जुने फोटो लावता येतील.

"फोटो काय वाईट आहेत, आई?" इर्मगार्ड म्हणाली होती.

"फोटोला वास येतो का?"

तोडगा रेगीनाच्या डोक्यात कधीचा होता. शेजारची लेनुत्सा. लेनुत्साच्या हातचे मांस रेगीनाच्यापेक्षाही सरस उतरे. लसूण आणि लाल मिरची चोळून ती असे काही मुरवायची की रेगीनाच्या नवऱ्याने मरताना तेच मागितले होते. पण लेनुत्सा रोमानियन, तिचे चर्च वेगळे, आणि बुरुजाच्या तुळईवर तिच्या घराची खूण कोरलेली नव्हती. ती नवी नवरी होती तेव्हा एका उन्हाळ्यात त्यांच्या तळघरात ओढ्याचे पाणी शिरले. सासूबरोबर खांद्यावर मांस घेऊन ती तटबंदीच्या दारात आली होती. किल्ली तेव्हा रेगीनाच्या सासऱ्याकडे. ज्याची खूण तुळईवर नाही त्याचे मांस इथे टांगायचे नाही, असे सांगून त्याने दोघींना परत पाठवले. सगळे मांस सडले. लेनुत्साने पुढे हा विषय कधी काढला नाही. गाव ओस पडल्यावर दर रविवारी घंटेचा दोर ओढायला तीच येई. मात्र बुरुजाच्या शिडीवर तिने कधी पाय ठेवला नव्हता.

अशा बाईला कसे विचारायचे? रेगीना उन्हाळाभर शब्द जुळवत होती आणि गिळत होती.

शेवटच्या रविवारी इर्मगार्ड म्हणाली, घंटा मी वाजवते, लहानपणी वाजवायची तशी. लेनुत्साचे हात मोकळे राहिले. ती रेगीनाला दंडाला धरून बुरुजापाशी घेऊन आली. तिथे पाठीवर पिशव्या घेतलेले एक मध्यमवयीन जोडपे आधीच थांबले होते. पोर्तुगालचे होते म्हणे. हातात ते पुस्तक होतेच.

घंटा सुरू झाली. रेगीनाने कुलूप उघडले, सुरी आणि ठसा कमरेच्या फडक्यात खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय टाकला. गुडघ्यातून अशी कळ गेली की ती शिडीला बिलगून तशीच उभी राहिली.

"उतरा काकू," लेनुत्सा म्हणाली. "उद्या गाडीत बसायचंय, खाटेवर नाही."

"तुकडा कोण कापणार?"

"एक रविवार नाही कापला तर आभाळ कोसळतंय?"

"ही माणसं आलीयेत ना."

"त्यांना म्हणावं, चढा आणि कापा."

"परक्यांनी सुरी लावायची?"

"मग मी कोण?" लेनुत्सा हे अगदी सहज बोलून गेली आणि मग शिडीकडे बघत राहिली.

घंटा वाजतच होती. रेगीनाने सुरी काढून तिच्यापुढे धरली. जुळवलेल्या शब्दांतला ऐन वेळी एकही कामाला आला नाही. "जा ना गं," एवढेच तिच्या तोंडून निघाले.

लेनुत्साने सुरी घेतली. पदराला पुसतात तशी एप्रनला पुसली, जणू ती स्वच्छ नव्हती. मग स्कर्ट गोळा करून, पुटपुटत, ती चढली. वर तिच्या पावलांनी फळ्या करकरल्या. मग बराच वेळ काही ऐकू येईना. नुसती घंटा.

"काय करतेयस?" रेगीनाने हाक मारली.

"बघतेय. केवढं गार आहे हो इथे." थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "आमचं राहिलं असतं."

लेनुत्सा तुकडा घेऊन उतरली तेव्हा ठसा रेगीनाच्या कमरेलाच होता.

"अगं, ठसा न मारताच आलीस?"

"तुमच्या घराचा ठसा मी कसा मारू?"

"मग ती कड तशीच? चोरी झाल्यासारखी?"

"चोरी कसली, तुम्हीच तर पाठवलंत."

"ते मला माहीत. बुरुजाला काय माहीत?"

दोघी गंभीरपणे एकमेकींकडे बघत होत्या. पोर्तुगीज बाईला काहीतरी मोठे बिघडले असे वाटले आणि तिने नवऱ्याचा हात धरला.

"पोरीचा हात दुखायच्या आत वर जा," रेगीना घंटेच्या दिशेने मान करून म्हणाली. "माझा नको मारू. तुझा मार."

"माझा कुठला? माझ्याकडे चर्चच्या प्रसादाच्या पावाचा ठसा आहे. तो डुकराच्या चरबीवर मारला तर आमचा पाद्री मला मेल्यावरसुद्धा आत घेणार नाही."

"मग जे असेल ते मार. पण तुझं मार."

लेनुत्सा पुन्हा चढली. या खेपेला लगेच उतरली आणि तेलकट अंगठा सगळ्यांना दाखवला. "एवढी शाळा शिकले आणि शेवटी अंगठाच मारून आले."

रेगीनाला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आले. चर्चच्या दारातून घामाघूम झालेली इर्मगार्ड ओरडली, "आई, झालं का तुमचं? की संध्याकाळपर्यंत ओढू?"

पाव, कांदा आणि काप घेऊन सगळी तटाच्या सावलीत बसली. पोर्तुगीज माणसाने तीनदा मागून घेतले. ते जोडपे उठून गेल्यावर रेगीनाने धीर केला.

"लेनुत्सा, माझी लादी दोन-चार रविवारांत संपेल. मग तुझी टांग. किल्ली ठेव तू."

लेनुत्सा ताटल्यांतले तुकडे कोंबड्यांसाठी गोळा करत राहिली. "माझ्या सासूला हाकललं तिथे?"

"हो. तिथेच."

"आणि पिशव्यावाले येणार, फोटो काढणार. माझं मांस काय देखाव्याला आहे? मला जनावरं आहेत, बाग आहे. नको काकू."

रेगीनाने दुसऱ्यांदा विचारले नाही. तिला तो हक्क आहे असे वाटले नाही. जाताना तिने बुरुजाचे दार लावले, पण किल्ली काढायचा तिला धीर झाला नाही. ती कुलपातच राहिली.

सोमवारी सकाळी गाडी भरली. गावातली चार माणसे निरोपाला आली, कुणी अंडी दिली, कुणी प्लमच्या दारूची बाटली. लेनुत्सा आली नाही. तिच्या घराला कडी होती. रेगीना तिच्या फाटकाशी थोडा वेळ उभी राहिली, मग गाडीत येऊन बसली. बोलून चूक केली, तिला वाटले. गप्प राहिले असते तर निदान निरोप तरी मिळाला असता.

गाडी तटबंदीखालच्या वळणावर आली. मोठे दार सताड उघडे होते आणि दारात लेनुत्साची एकचाकी हातगाडी आडवी उभी होती, तिच्यात मिठाने पांढरे झालेले फडके. बुरुजाच्या वरच्या खिडकीतून तिचा आवाज येत होता. कुणा प्रवाशाला ती रोमानियनमधून बजावत होती, त्याला ते कळो न कळो: "हात लावू नका. बघा, वास घ्या, पण हात लावू नका. ती डावीकडची काकूंची. ही आमची."

इर्मगार्डने वेग कमी केला. "हॉर्न वाजवू?"

"नको," रेगीना म्हणाली. "ती कामात आहे."