मिसळणाच्या डब्यातल्या सात वाट्या

शेरा मारून फाइल परत पाठवण्यात गुणवंतरावांचा हात धरणारं दिल्लीतल्या त्यांच्या मंत्रालयात कुणी नव्हतं. अट पूर्ण झाल्याशिवाय कागद पुढे सरकायचा नाही, हा त्यांचा खाक्या. हाच कारभार त्यांनी मयूर विहारमधल्या आपल्या फ्लॅटमध्येही सुरू केला, आणि तिथे त्यांच्या तावडीत सापडली त्यांची चार वर्षांची मुलगी अर्पिता.

अर्पिताला स्वमग्नता आहे, हे डॉक्टरांनी सांगून सहा महिने झाले होते. गुणवंतरावांनी ते बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. पोटची पोर हाक मारली तर बघत नाही, एक शब्द बोलत नाही, याची त्यांना चक्क लाज वाटायची. तिला रमायला लागायचा तो आईचा जुना मिसळणाचा डबा. सात वाट्या बाहेर काढायच्या, ओळीने मांडायच्या, पुन्हा एकेक आत बसवायची. हे चालू द्या, फक्त हळूहळू तुम्हीही त्या खेळात शिरा, असं थेरपिस्टने सांगितलं होतं. म्हणून तिची आई, संपदा, रोज समोर बसून हात पुढे करायची. तीन महिने अर्पिताने त्या हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका सकाळी तिने एक वाटी उचलली आणि आईच्या तळहातावर ठेवली. संपदाला रडू आवरेना.

"पोरगी भांडी खेळते म्हणून रडायला आलं? अच्छा," गुणवंतराव म्हणाले आणि ऑफिसला गेले.

समोरच्या फ्लॅटमधला चैतन्य अर्पिताच्याच वयाचा. त्याच्याकडे सायरन वाजवत, दिवे मारत, गाणी म्हणत धावणारी गाडी होती. गुणवंतरावांनी त्याहून मोठी आणली आणि डबा कपाटावर चढवला. ‘बाबा’ म्हटलं की वाट्या मिळतील, ही अट! अर्पिता आठवडाभर कपाटाखाली बसून वर बघत राहिली. जेवण तुटलं. संपदाने हातापाया पडून पाहिलं, तर तूच लाडावून ठेवलं आहेस, असं तिलाच ऐकावं लागलं.

रविवारी अर्पिताचा वाढदिवस होता. ऑफिसची मंडळी आली होती, काही शेजारीही होते. गुणवंतरावांनी मुलीला खोलीच्या मधोमध बसवलं आणि गाडी सुरू केली. अर्पिताने कानांवर हात दाबले. गाडी तिच्याभोवती फिरत राहिली. "अरे, डर गई!" कुणीतरी हसत म्हणालं. त्यासरशी गुणवंतरावांनी आवाज आणखी वाढवला.

"सवय होईल," ते म्हणाले.

अर्पिताने स्वतःचं मनगट चावलं. रक्त आलं तरी सोडलं नाही.

तेव्हा खालच्या मजल्यावरच्या कांताताई उठल्या. सुभेदार हिंदुरावांची ही बायको छावणीतल्या विशेष मुलांच्या शाळेत बारा वर्षं शिकवत होती, आणि संपदाने नवऱ्याच्या नकळत त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी गाडी उचलली, बंद मात्र केली नाही. सरळ गुणवंतरावांच्या कानाला लावली आणि दुसऱ्या हाताने त्यांचं डोकं धरलं.

"हलू नका. सवय होईल."

दहा सेकंदांत गुणवंतराव झटका देऊन बाजूला झाले. कांताताईंनी गाडी बंद केली.

"तुम्हाला सुटता आलं. तिला तर हा आवाज आपल्या दसपट लागतो, ती कुठे जाणार? तुम्ही खेळणं चैतन्यकडे बघून आणलंत, पाहुण्यांसाठी आणलंत. आईच्या हातावर वाटी ठेवणं हे तिचं बोलणं होतं, गुणवंतराव. ते तुम्ही उचलून कपाटावर ठेवलंत."

पाहुणे केक अर्धवट टाकून निघून गेले. गुणवंतरावांनी स्टुलावर चढून डबा काढला. मुलीच्या मनगटाला पट्टी बांधताना त्यांना मनापासून स्वतःची किळस आली. अर्पिताने वाट्या मांडल्या. एक आईला दिली. थोड्या वेळाने एक कांताताईंना दिली. मग गुणवंतरावांनी फरशीवर बसून हात पुढे केला. अर्पिताने त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

गाडी दुसऱ्याच दिवशी घरातून गेली. या गोष्टीला आता पाच महिने झाले. गुणवंतराव रोज ऑफिसमधून आले की हात पुढे करून बसतात, आणि रोज अर्पिता कान झाकते.

मंडळी, आपल्या घरात असं मूल असेल तर दुकानात शिरण्याआधी त्याच्यासमोर जमिनीवर बसा. ते कशात रमतं, कशाला घाबरतं ते बघा, आणि त्याच वाटेने त्याच्यापर्यंत जा. त्याचं खेळणं अट घालून कधीही अडवू नका. गुणवंतरावांना हे पुरतं कळलं आहे. बाबा बदलले आहेत, हे अर्पिताला अजून कळलेलं नाही.