डावं कोपर

मॉपच्या दांड्याला उजव्या अंगाने कपड्यांचा चिमटा लावून तिने तो चिकटपट्टीने घट्ट आवळला आणि दांडा नवऱ्याच्या हातात दिला.

"ही रायफल. चिमटा म्हणजे तिचा बोल्ट. एक गोळी झाडली की तो मागे ओढायचा, मग दुसरी गोळी भरली जाते."

त्याने दांडा उलटसुलट करून पाहिला.

"आणि फरशी कशाने पुसायची?"

"रविवारनंतर ती काळजी तुला नाही."

बोलून गेल्यावर तिलाच ते टोचलं. तो दांडा डाव्या खांद्याला लावून खिडकीकडे रोखून उभा राहिला, आणि ती कॅमेऱ्यामागे गेली.

रविवारी टेम्पो येणार होता. हॉलमध्ये भिंतीलगत त्याची खोकी रचून ठेवलेली होती. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, आणि त्या दुकानाजवळच त्याने एक खोली बघितली होती. दोघांनी शांतपणे बसून ठरवलं होतं, आणि नातेवाइकांना नेमकं तेच पचत नव्हतं. "भांडण नाही, तंटा नाही, मग वेगळे कशाला होताय?" असं त्याच्या ताईने तिला सरळ विचारलं होतं. ताईला पटेल असं उत्तर कुणीच दिलं नाही. तरी टेम्पो ठरवण्याचं काम ताईनेच अंगावर घेतलं, कारण आपला भाऊ भोळा आहे आणि टेम्पोवाला त्याला हातोहात बनवेल याबद्दल तिची खात्री होती.

उत्तर त्याच्या बायकोकडे होतं. तो तिच्यापासून दूर दूर राहायचा. बोलायचा नीट, वागायचा नीट, पण जेवायला शेजारी बसला की परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा आक्रसून बसायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तिने चेष्टेने विचारलं होतं, "असा अंग चोरून काय बसतोस? मी काय चावते?" तो हसला होता. पुढे चेष्टा संपली आणि प्रश्न तेवढा राहिला. मग तिने तोही विचारायचं सोडून दिलं. ज्याला आपला धक्कासुद्धा लागलेला नको, त्याच्याबरोबर म्हातारं होण्यात काय अर्थ, असं तिच्या मनाने हळूहळू घेतलं होतं.

आणि आता त्याच माणसाचे हात तिला कामासाठी हवे होते.

तिचं काम काय, हे घरातल्या मोठ्यांना समजावून सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले होते. एक गेम होता. त्यात शेकडो माणसं आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक गावात राहत. कुणी तिथे डॉक्टर होई, कुणी चोरटा माल आणी, कुणी नुसतंच मासे विकी. गोळ्या क्वचितच सुटत, गप्पाच जास्त. पण हत्यार जवळजवळ प्रत्येकाकडे असे, आणि ते कोण कसं बाळगतो यावरून माणूस ओळखू येई. म्हणून प्रत्येकाला आपल्या पात्राची ढब निवडता यायची. रायफल खांद्यावर टाकायची, काखोटीला मारायची, की काठीसारखी टेकवून उभं राहायचं? या सगळ्या हालचाली ती तयार करायची. बंदुकीला तिने आयुष्यात हात लावला नव्हता, पण माणूस जड वस्तू कशी उचलतो हे तिला नेमकं ठाऊक होतं.

काही खेळाडूंनी डावखुऱ्या हालचाली मागितल्या होत्या. तिने घाईच्या वेळी सगळे करतात तेच केलं. उजव्या हाताच्या हालचाली घेतल्या आणि बटण दाबून उलट्या केल्या. कंपनीत सगळे ज्याला मास्तर म्हणत त्या तिच्या साहेबाने पाठही थोपटली. मग एका खेळाडूचा संदेश आला. तो त्या गावात फाटकावरचा पहारेकरी होता.

'हा डावखुरा नाही,' त्याने लिहिलं होतं, 'हा आरशातला उजवा आहे. मी जन्माचा डावखुरा आहे, मला बनवू नका. माणसाबरोबर तुम्ही रायफलही उलटी केलीत, तिचा बोल्ट डावीकडे गेला. आमच्यासाठी अशी रायफल बनवतो कोण? आम्ही तुमच्याच वस्तू वापरतो आणि जमवून घेतो.'

ते वाचून तिचे कान तापले. घरात रोज एक डावखुरा माणूस वावरत असताना तिला हे परक्याने सांगावं? सकाळी ती त्याच्याकडे गेली तेव्हा तो खोक्यात पुस्तकं भरत होता.

"मला तुझे हात हवेत. थोडा वेळ."

"बघतो," तो म्हणाला. "खोक्यात गेले नसतील तर देतो."

आता खिडकीपाशी उभं राहून त्याने मॉपची गोळी झाडली आणि दुसरी भरायला घेतली. डाव्या हाताने चाप ओढायचा आणि बोल्ट तर उजव्या अंगाला. त्याने क्षणभर विचार केला, दांड्याचं वजन उजव्या तळहातावर तोललं आणि डावा हात वरून पलीकडे टाकून चिमटा मागे ओढला. हे तिला शंभर वर्षांत सुचलं नसतं.

"चुकलं का?"

"नाही रे. तू जमवशील तसंच हवंय."

"हे तर नेहमीचंच आहे. कात्री घे, डबा उघडायची चावी घे. सगळ्या वस्तू लोकांच्याच असतात."

त्याने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. तिने मात्र मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"काय?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"माझ्या मनगटाकडे बघत असशील. तू माणसाकडे बघतच नाहीस, त्याच्या सांध्यांकडे बघतेस."

"पोट त्याच्यावरच चालतं ना," ती म्हणाली. पण तो चेष्टेत बोलला नव्हता, हे तिच्या लक्षात आलं.

शेवटची हालचाल बसलेल्या माणसाची होती. पहारेकरी चौकीत जेवतोय, बाहेर चाहूल लागते आणि तो रायफल उचलतो. त्यासाठी ती त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. स्वयंपाकघर चिंचोळं, त्यामुळे टेबल भिंतीला लावलेलं आणि दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी. तो आपल्या खुर्चीवर बसला. डावीकडची खुर्ची तिची. गॅस त्या बाजूला असल्यामुळे या घरात पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हाच तिने ती पकडली होती.

रिकामा वाडगा आणि चमचा घेऊन तो इमाने इतबारे जेवू लागला. तिने टेबलावर टकटक केलं. त्याने चमचा ठेवून दांडा उचलला.

"थांब. कोपर आत का घेतलंस?"

"कुठलं?"

"डावं. हात पुढे करायच्या आधी बरगडीला चिकटवतोस. परत कर बघू."

त्याने परत केलं. कोपर आधी आत आलं, मग हात पुढे गेला. चमचा उचलतानाही तसंच.

"दुखतंय का?"

"छे!" आपलं कोपर आज पहिल्यांदाच भेटल्यासारखं तो त्याच्याकडे बघत राहिला. "मला माहीतच नव्हतं. घाबरत असेन मॉपला."

जागा अडचणीची असेल म्हणून तिने डावीकडे पडलेलं एक खोकं सरकवलं. मग स्वतःची खुर्चीही उचलून हॉलमध्ये नेऊन ठेवली. त्या बाजूला आता काहीच उरलं नव्हतं. तरी कोपर आत गेलंच. ती कंटाळली. म्हणाली, असू दे, मी नंतर बघते.

दुपारभर खपून तिने त्याची हालचाल पडद्यावरच्या पहारेकऱ्याला चढवली आणि मास्तरांना पाठवली. त्यांचा फोन लगेच आला.

"अगं, झकास! तो बोल्टचा हात तर लाजवाब. एकच खटकतंय. बसल्या जागी तो दर वेळी अंग चोरतो."

"कोपर ना? हो."

"डाव्या बाजूला कुणीतरी जेवायला बसलंय आणि त्याला आपला धक्का लागू नये म्हणून हा जपतोय, असं वाटतं बघ. चौकीत तर बिचारा एकटा असतो. काढून टाक तेवढं."

"काढते," ती म्हणाली. फोन बंद झाला तरी तिने तो कानालाच धरून ठेवला होता.

अंग चोरतो. हे तर तिचेच शब्द होते. तिने ती हालचाल पुन्हा लावली. पहारेकरी जेवत होता, आणि त्याच्या डाव्या हाताशी, जिथे कुणीच नव्हतं, तिथे तिला आपला उजवा हात दिसला. ती जेवताना हात पसरते, हे माहेरी सगळ्यांना माहीत होतं. लहानपणी आई ओरडायची, "पंख मिटून जेव, शेजारच्याला जेवू दे." लग्न झाल्यापासून तिला असं कुणी ओरडलं नव्हतं. ओरडायची वेळच आली नव्हती. शेजारच्याने आपला पंख मिटून घेतला होता, इतका की आपण तो मिटलाय हे त्याच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

तिला हसू आलं आणि मग रडू आलं. दिवसभर लोकांचे सांधे बघणारी बाई, आणि हे एक कोपर तिला वाचता आलं नव्हतं.

डोळे पुसून तिने मास्तरांनी सांगितलेलं काम केलं. कोपर मोकळं केलं. पहारेकरी आता सैलावून जेवू लागला. काम चोख झालं होतं, पण तो फार एकटा दिसत होता. तिने ती हालचाल जपून ठेवली, आणि आधीची पुसायला मन होईना म्हणून तिलाही यादीत खाली जागा दिली. ज्याला हवी त्याने निवडावी. तिला नाव द्यायचं होतं. दोनदा लिहून खोडल्यावर तिने लिहिलं, 'शेजारी कुणी असताना'.

संध्याकाळी त्याने सूप गरम केलं. बाकीची भांडी वाटून झाली होती, दोन वाडगे तेवढे बाहेर होते. तो आपल्या जागी बसला. तिने हॉलमधून आपली खुर्ची उचलून आणली, त्याच्या पाठीमागून पलीकडे गेली आणि ती त्याच्या उजव्या अंगाला ठेवली.

"इकडे?" त्याने विचारलं.

"हं."

"गॅस लांब पडेल तुला."

"पडू दे."

त्याने पाव तिच्या बाजूला सरकवला. दोघं जेवू लागली. पहिल्या चमच्याला त्याचं कोपर आत गेलं, दुसऱ्यालाही गेलं. तिचा उजवा हात मोकळ्या बाजूला हवा तसा फिरत होता. तिचा डावा आणि त्याचा उजवा, असे दोन बिनकामाचे हात टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. त्यांच्यामध्ये पाव ठेवायलाही जागा नव्हती. तिचं मनगट त्याच्या मनगटाला लागलं. तिने ते तसंच राहू दिलं. त्यानेही हात काढून घेतला नाही.

फोन वाजला. तो त्याच्या उजव्या बोटांपुढेच होता, आणि त्यावर 'ताई' अशी अक्षरं उजळली होती. टेम्पोची वेळ पक्की करायला ती संध्याकाळी फोन करणार होती. उचलायचा तर तो हात हलवावा लागणार होता.

"ताई आहे," तो म्हणाला.

"हो."

फोन बराच वेळ वाजला आणि थांबला.

"रागावेल ती."

"सूप निवतंय," ती म्हणाली.

त्याने डाव्या हाताने चमचा भरला. या वेळी त्याचं कोपर आत गेलं नाही. ते टेबलावर चांगलं ऐसपैस टेकलं, आणि तो जेवत राहिला.